त्रुटी सात दिवसांत दूर कराव्यात

४ फेब्रुवारी

लग्नाला तीन दिवस झाले. आज सिंकच्या भोकावरची जाळी उचलली. खाली जे होतं त्याला नाव नाही. केस, भात, चहाची पूड आणि वर साबणाची साय, असा एक करडा गोळा. तो बोटाला चिकटून आपण होऊन वर आला. बत्तीस वर्षं अन्न तपासनीस होते. बेकऱ्या, खानावळी, वसतिगृहांची स्वयंपाकघरं, तुरुंगाचा भटारखाना, सगळीकडे हे बोट घातलं आहे. एकदाही उलटी झाली नव्हती. आज झाली, आणि तीही स्वतःच्या स्वयंपाकघरात.

‘स्वतःच्या’ असंच म्हणायचं आता.

रोज लिहायची सवय नोकरीतली. तपासनीसाने त्याच दिवशी लिहावं. दुसऱ्या दिवशी माणूस दयाळू होतो.

माझं वय अठ्ठावन्न, हे पहिलंच लग्न. त्यांचं बासष्ट, त्यांचंही पहिलंच. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने फॉर्म वाचत विचारलं, “मुलगा-मुलगी आले नाहीत का अजून?” मी म्हटलं, “समोर उभे आहेत.” त्याने चष्मा काढून पाहिलं. लोक पाठीमागे घोडनवरी म्हणतात, ते माहीत आहे. म्हणोत. घोडीला निदान तबेला झाडून देतात.

नवऱ्याला काय म्हणायचं हे ठरत नाही. ‘अहो’ जिभेवर येत नाही. वहीत ‘नाकसाहेब’ लिहीन. साबणाच्या कारखान्यात सगळे त्यांना हेच म्हणत. पस्तीस वर्षं वास तपासण्याचं काम. प्रत्येक घाणा आधी त्यांच्या नाकाखालून जायचा, मग साच्यात. अकरा वर्षांपूर्वी मी एका घाऊक दुकानात लोण्याचे डबे जप्त करायला गेले होते, तेव्हा हे तिथे गिऱ्हाईक म्हणून उभे होते. तीन हात लांबून म्हणाले, “बाई, सगळे कशाला नेता? चौथा खवट आहे.” आठ दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. चौथा. माझ्याइतका कडक माणूस मला तोवर भेटला नव्हता. पुढे अकरा वर्षं ओळख राहिली, आणि शेवटी लग्न.

आणि त्या नाकाच्या घरात ही मोरी!

७ फेब्रुवारी

फ्रिज. अर्धा कांदा, कापलेली बाजू काळी पडलेली. दुधाच्या पातेल्याला पिवळी कड, नखाने निघाली नाही. मागच्या कोपऱ्यात झाकलेला एक वाडगा. झाकण काढलं तर आत केस उगवले होते.

“हे काय आहे?”

“रस्सा असावा.”

“कधीचा?”

“लग्नाच्या आधीचा.”

“ते मलाही दिसतंय. कोणाच्या लग्नाच्या?”

विनोद त्यांना कळला, डोळ्यांत दिसलं. तोंड मात्र हललं नाही. एवढा दगडी चेहरा लग्नाआधी नव्हता. पुढे त्यांनी जे केलं ते लिहितानाही मळमळतं. वाडगा नाकापाशी नेला, दोनदा हुंगला आणि म्हणाले, “वरचं काढलं तर चालेल.”

चालेल! ज्या नाकावर पस्तीस वर्षं पगार घेतला, त्याला हे कळत नाही? कळतं. पण उठून धुणार कोण! आता बायको आली आहे ना.

९ फेब्रुवारी

त्यांच्या उशीचा अभ्रा रोज सकाळी ओला असतो. लाळ. लहान मुलासारखी. काल चिमट्याने उचलून बादलीत टाकला. झोपेत हातपाय झाडतात ते वेगळंच. माझ्या पोटरीवर काळानिळा डाग आहे. सकाळी विचारलं, “कोणाशी मारामारी चालली होती?” म्हणाले, “एक कुत्रं मागे लागलं होतं.” मी पलंग भिंतीपासून ओढून माझी बाजू वेगळी केली. अठ्ठावन्न वर्षं एकटी झोपले. दुसऱ्याच्या लाळेचा वास माहीत नव्हता, तो शिकायची हौसही नव्हती.

१२ फेब्रुवारी

आज रीतसर तपासणी केली. घर म्हणून सूट दिली नाही. सिंक, फ्रिज, शेगडीमागची भिंत, कपाटांच्या फळ्या, भांडी पुसायचं फडकं (हे फडकं नव्हे, वाळलेली साल आहे), एकूण सतरा मुद्दे. खाली नेहमीचं वाक्य लिहिलं: ‘वरील त्रुटी सात दिवसांत दूर कराव्यात.’ कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला.

नाकसाहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. “सील करणार का?”

“पूर्तता झाली नाही तर.”

“मग मी जेवायचं कुठे?”

“तो माझ्या कक्षेतला प्रश्न नाही.”

खाली त्यांनी ‘पोच मिळाली’ लिहून सही केली. अक्षर इतकं बारीक की मुंग्यांची रांग वाटावी, आणि शेवटच्या मुंग्या तर चिरडलेल्या. हेच गृहस्थ पूर्वी मला पत्रं पाठवायचे तेव्हा पानावर आठ ओळी मावायच्या. मला वाचता येऊ नये म्हणून मुद्दाम केलं असणार.

१६ फेब्रुवारी

वन्सं आल्या. नाकसाहेबांच्या थोरल्या बहीण, वय एकाहत्तर, पलीकडच्या गल्लीत राहतात. दारातूनच, “काय गं नवरीबाई, रमलीस का?”

“घासते आहे.”

“घास, घास. घासता घासता रमशील.” मग फ्रिजवरचा कागद वाचला आणि पदर तोंडाला लावून हसल्या. “आमच्या भावाला अटक करणार की काय? अगं, आधी हा असा नव्हता. कारखान्यातून आला की आईला सांगायचा, शेजारणीची भाजी लागली, उठ, तिला सांग. आमचं घर आरशासारखं असायचं ते ह्याच्या धाकाने.”

“मग आता काय झालं?”

“म्हातारा झाला. दुसरं काय होणार! बघ ना, चालताना तो डावा हात कसा खुंटीवरच्या कोटासारखा लोंबतो.”

ते आत शर्टाची बटणं लावत होते. दहा मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिली. गिळगिळीत आळस आहे हा, माणसाच्या अंगभर पसरलेला. बोलणंही हल्ली तोंडातल्या तोंडात. चार वेळा “काय?” म्हणावं तेव्हा वाक्य पदरात पडतं.

माझी जुनी खोली ३१ मार्चपर्यंत माझ्याच नावावर आहे, हे ह्या घरात कोणाला माहीत नाही. दोन गल्ल्या सोडून तिसरा मजला. घरमालकीण म्हणाली होती, “तोवर कळवा. ठेवणार असाल तर तुमचीच, नाहीतर एक शिक्षिका मागते आहे.” किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. सोडून आले असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. तिथल्या सिंकमध्ये ताट न घेता जेवता येईल.

२० फेब्रुवारी

सात दिवस संपून गेले. सतरापैकी पूर्तता शून्य. फडकं तेवढं बदललं, तेही मीच.

२४ फेब्रुवारी

बाजारातून आले तर जिन्यापर्यंत गॅस. आत धावले. शेगडीचं बटण अर्धवट उघडं, आणि नाकसाहेब बाजूला स्टुलावर बसून शब्दकोडं सोडवताहेत! खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं, मग जे सुटले ते शेजारच्यांनीही ऐकलं असेल. ते फक्त माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “चहा ठेवायचा होता. विसरलो.”

“विसरलात, मान्य. पण वास?”

“मला वाटलं, जाईल.”

जाईल! मरण येईल तेव्हाही म्हणतील, जाईल.

२ मार्च

नाकसाहेबांनी मला भेट आणली. कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याने दिलेली साबणाची वडी, साध्या कागदात, वर नाव नाही. कागद सोडवून त्यांनी ती नाकाखाली धरली, डोळे मिटले, बराच वेळ. कारखान्यात असेच उभे राहायचे म्हणे. मग म्हणाले, “गुलाब. जरा जुना, पण खरा गुलाब.”

मी वडी हातात घेतली. लिंबू. नवशिक्या पोऱ्याही सांगेल असं स्वच्छ, झणझणीत लिंबू.

“तुम्हाला खात्री आहे?”

“पस्तीस वर्षं झाली, बाई.”

माझी परीक्षा घेतात. किंवा थट्टा करतात. मला काय समजतात? मी अन्नातली, साबणातलं मला कळणार नाही असं? लिंबाने हात धुतले आणि स्वयंपाकाला लागले. घासही गोड लागला नाही.

६ मार्च

एक नवी खोड. काहीही उघडलं की आधी माझ्यासमोर धरायचं. दूध, अंडं, कालचा भात, लोणी. “बघता का जरा?” मी बघते, चांगलं म्हणते, मग ते खातात. राजेलोक पदरी ठेवायचे तसा मला चाखणारा नोकर केला आहे. विष असलंच तर आधी बाई जाईल. आज मी अंड्याबद्दल मुद्दाम काहीच बोलले नाही. ते वाडगा धरून तसेच उभे राहिले, माझ्या कपाळाकडे बघत. शेवटी मीच वैतागून म्हटलं, “खा हो, चांगलं आहे!” तेव्हा खाली बसले.

कपाळाकडे का बघतात? तिथे काय लिहिलं आहे?

१० मार्च

आता हा सोक्षमोक्ष एकदा लावायचा. घाण बघूनही न उठणारा माणूस किती घाणीला उठतो, ह्याला काही सीमा असेलच. नोकरीत आम्ही आळशी आचाऱ्यांसाठी हे करायचो. खराब जिन्नस मुद्दाम तसाच ठेवायचा आणि तो काढतो कधी ते लिहून ठेवायचं.

मासळीवाल्याकडून मोठ्या माशाचं डोकं आणलं. एकपदरी कागदात गुंडाळलं आणि त्यांच्या खुर्चीमागच्या कपाटात, खालच्या फळीवर, रद्दीच्या गठ्ठ्याआड ठेवलं. दार बोटभर उघडं. वेळ सकाळी दहा.

११ मार्च

संध्याकाळपासून मला स्वयंपाकघरात नाकाला पदर लावल्याशिवाय जाता येत नाही. ते त्या खुर्चीत बसून दोनदा चहा प्याले. बिस्किटं खाल्ली. कपाट त्यांच्या कानापासून हातभर.

१२ मार्च

सकाळी दोन निळ्या माश्या. दुपारपर्यंत मोजणं सोडलं. मला उलट्या. मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. ते दारात येऊन म्हणाले, “बरं नाही का? सूप करू?” आणि त्या स्वयंपाकघरात गेले, एक तास उभे राहून माझ्यासाठी सूप केलं आणि दोन्ही हातांत वाडगा धरून, सांडत सांडत आणलं. मी ते मोरीत ओतलं. त्या हवेत शिजलेलं मी पिणार?

त्यांच्याइतका घाणेरडा माणूस मी बत्तीस वर्षांत पाहिला नाही, हे इथे शपथेवर लिहून ठेवते. खोली ठेवायची. घरमालकिणीला उद्याच कळवायचं.

१३ मार्च

कळवलं नाही. काय झालं ते क्रमाने लिहिते.

अकरा वाजता वन्सं आल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय ठेवला आणि किंचाळल्या, “अगं बाई! मेलंय की काय कोण इथे!” आणि नाक दाबून मागे सरकल्या. नाकसाहेब खुर्चीत होते. त्यांनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पुन्हा बहिणीकडे. माझ्या कपाळाकडे. मग स्वतःचाही हात सावकाश नाकाशी नेला आणि म्हणाले, “हो ना. मघापासून मीही म्हणतोय. दूध करपलं वाटतं.”

शेगडीवर काही नव्हतं. शेगडी थंड होती.

वन्सं म्हणाल्या, “दूध? बाळ्या, हे दूध आहे?”

ते पुन्हा माझ्याकडे पाहू लागले. वर्गात उत्तर येत नसलेला मुलगा शेजारच्याच्या पाटीकडे बघतो, तसे. माझ्या तोंडावरून वाचायचा प्रयत्न चालला होता. दूध नाही, तर मग काय? मला ते दिसलं, आणि मागचे सगळे दिवस एकदम दिसले. वाडगा, गॅस, लिंबू, अंडं.

मी कपाट उघडून पुडकं काढलं, खाली नेऊन टाकलं, फळी सोड्याने तीनदा धुतली. वन्संना सांगितलं, उंदीर होता. मी आयुष्यात सही करून खोटं लिहिलं नाही, पण तोंडी बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुडक्यातून गळलेल्या थेंबांकडे, त्यांत चिकटलेल्या चकाकत्या टिकलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “उंदराला खवले असतात होय?” आणि चहा न घेता गेल्या.

मग मी विचारलं, “कधीपासून?”

“तीन वर्षं होतील.”

“अजिबात?”

“अजिबात.” थोड्या वेळाने म्हणाले, “आधी गुलाब गेला. वाटलं, हल्लीचे गुलाबच तसे.”

“लग्नाआधी मला सांगायला काय झालं होतं?”

“बाई, तुम्ही नाकाशी लग्न करत होतात. लोण्याची गोष्ट तुम्ही नोंदणीच्या कारकुनालासुद्धा सांगितलीत. मग मी काय सांगायला हवं होतं?”

लेबल एक, माल दुसरा. ह्याच गुन्ह्यासाठी मी चाळीसेक लोकांना कोर्टात उभं केलं आहे, आणि घरात आणला तो हाच माल! मी तेच म्हटलं, ह्याच शब्दांत. त्यांनी ऐकून घेतलं. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. “बरोबर आहे. आणि तुमच्या पर्समध्ये किल्ली आहे. पहिल्या दिवसापासून दिसते आहे मला. डोळे शाबूत आहेत.”

मी पिशवी भरली आणि खोलीवर आले. ही नोंद तिथेच लिहिते आहे.

१५ मार्च

खोली जशी सोडली होती तशीच. फरशीवर धूळ नाही, मोरी कोरडी, भांडी पालथी. दोन दिवसांत एकदाही मळमळलं नाही.

आज खोलीचा वास घेऊन पाहिला. उशीचा, टॉवेलचा, भांड्यांच्या फडताळाचा. कसलाच वास नाही. फिनाईलही उडून गेलं आहे. इथे कोणी राहत होतं असा पुरावा तपासनीसाला सापडणार नाही. हा शेरा चांगला की वाईट, ते आज ठरवत नाही.

मळमळ नाही असं वर लिहिलं ते खोडते. एका गोष्टीची होते. तीन दिवस त्या माणसाला सडक्या डोक्याशेजारी बसवलं आणि बाजूला वेळ लिहीत गेले. सकाळी दहा. दोन माश्या. आणि त्याने सूप केलं.

२० मार्च

सातवा दिवस. दुपारी जिन्यात पावलं वाजली. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. तीन मजल्यांना इतका वेळ लागला की मी मध्येच दार उघडून उभी राहिले. नाकसाहेब. शर्टाची बटणं एक घर सोडून लागलेली. बोटांना चिरा, नखं सोड्याने पांढरी.

“बसत नाही,” म्हणाले. “कागद द्यायचा होता.”

फ्रिजवरचा माझा कागद. मागच्या बाजूला त्यांचा पूर्तता अहवाल, सतराही मुद्दे. सिंक: जाळी बदलली, नळी खोलून साफ केली. फ्रिज: रिकामा करून तीनदा पुसला. भिंत: खरवडली. प्रत्येकापुढे लिहिलेलं, ‘डोळ्यांनी तपासलं. वासाने तपासणं बाकी.’ पहिल्या मुद्द्याचं अक्षर तांदळाएवढं. दहाव्याचं मोहरीएवढं. सतराव्याखाली आणखी एक ओळ होती, ती मी भिंगाखाली धरून वाचली.

‘१८. नाक. ही त्रुटी दूर होण्यासारखी नाही. निर्णय तपासनीसाचा.’

मी वाचेपर्यंत ते जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचले होते. मी वरून ओरडले, “थांबा! डॉक्टरला दाखवलंत?”

“नाकाला?”

“मग काय गुडघ्याला! तज्ज्ञाचं मत नसताना तुम्ही शेरा लिहिलात कसा?”

२४ मार्च

नाकाच्या डॉक्टरकडे गेलो. वयाने माझ्या भाचीएवढी. हात पुसायचा टॉवेल सकाळपासूनचा एकच, ओलसर आणि करडा. तो मी तिला दाखवला. तिने तो बदलून घेतला. माणूस बरा वाटला.

तिने नळी घालून नाक पाहिलं आणि म्हणाली, “नाकात काही दोष नाही.” मग त्यांना कागद दिला. “आज हवा चांगली आहे, असं पाच वेळा लिहा.” मला रागच आला. नाकाची तक्रार घेऊन यावं तर ही शुद्धलेखन घालते! त्यांनी लिहिलं. पाचव्या वेळी हवा दिसेनाशी झाली होती.

मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. “झोपेत हातपाय मारतात का?”

“म्हणजे? डाग दाखवू?”

“कधीपासून? आणखी काही लक्षात आलंय का? चालणं, चेहरा, आवाज, बटणं?”

मी पर्समधून ही वही काढली. सात फेब्रुवारीपासून वाचायला लागले. अभ्रा. लाथा. मुंग्यांची रांग. लोंबता हात. दहा मिनिटं, घड्याळ लावून. तोंडातल्या तोंडात बोलणं. दगडी चेहरा. ते शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. एवढं सगळं मी त्यांच्याबद्दल लिहिलं आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. मध्ये मध्ये मी अडखळत होते.

डॉक्टर म्हणाली, “काही गाळताय का?”

“विशेषणं,” मी म्हटलं.

नाकसाहेब म्हणाले, “वाचा, बाई. तीही वाचा.”

वाचली नाहीत. डॉक्टरने वही मागितली, एक एक तारीख स्वतःच्या कागदावर उतरवली. “इतकं नीट लिहून आणलेलं मी अजून पाहिलं नव्हतं,” ती म्हणाली. “वास ओळखायची जागा आत डोक्यात असते. ती जागा आणि हात, अक्षर, झोप, हे सगळं एकत्र पाहावं लागेल. मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. लवकर जा. आणि ह्यांना एकटं ठेवू नका, गॅसपाशी तर नाहीच.”

नाकासाठी मेंदूचा डॉक्टर! ९ एप्रिलची वेळ मिळाली आहे. चिठ्ठीवरचा एक शब्द घरी येऊन जुन्या शब्दकोशात शोधला. सापडला. कंपवात. शब्दकोश मिटून वरच्या फळीवर ठेवला.

घरी, म्हणजे ह्या घरी. पिशवी अजून उघडलेली नाही.

३१ मार्च

सकाळी घरमालकिणीला किल्ली दिली. ती म्हणाली, “नीट विचार केलात ना? उद्या काही झालं तर?”

“काही झालं तर त्याच घरात होईल. मी इथे बसून कसं चालेल? द्या त्या शिक्षिकेला.”

“मोरी बघून घेऊ का एकदा?”

मी नुसतं पाहिलं तिच्याकडे. तिने किल्ली घेतली.

परत आले तर हे स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं धरून उभे. माझीच वाट पाहत होते. “बघता का जरा?”

मी नाक लावलं. “चांगलं आहे.”

“चांगलं म्हणजे कसं?”

“चांगलं म्हणजे चांगलं! आमच्या फॉर्मवर दोनच चौकोन असायचे. योग्य, अयोग्य.”

“आमच्याकडे तीन ओळी लिहाव्या लागत,” हे म्हणाले. “तीन ओळींशिवाय घाणा पुढे सोडायचा नाही. लिहा.”

लग्नानंतर पहिल्यांदा मला ह्या माणसाने हुकूम केला. मी पुन्हा वाकले. बराच वेळ लागला. बत्तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. “कोमट. धुतलेलं सुती कापड अर्धवट वाळल्यावर असतं, तसं. त्याच्या खाली जरा गवत. आणि कडेला धातू. तो दुधाचा नाही, पातेल्याचा आहे. घासताना कान सोडलेत तुम्ही.”

ह्यांनी डोळे मिटले होते. कारखान्यात उभे राहायचे म्हणे, तसे. “कापड,” म्हणाले. “हो. असायचं तसं.” तोंड हललं नाही. पण हसले. मला आता कळतं.

मग पेन्सिल घेऊन लिहायला लागले. दुसऱ्या शब्दाला अक्षर बुडालं, तेव्हा मी पेन्सिल काढून घेतली आणि स्वतः लिहिलं, मोठ्या अक्षरात. कागद फ्रिजवर लावला, जुन्याच्या जागी.

“आता पुढचं,” म्हणाले, आणि सावकाश जाऊन सिंकवरची जाळी उचलली.

“ते नको,” मी म्हटलं. “शी! ते मी सांगणार नाही.”

“सगळं सांगायचं, बाई. वाईट घाणा असला तरी तीन ओळी.”

खाली काळं पाणी होतं, दहा-बारा दिवसांतच पुन्हा साय धरायला लागलेलं. पदर खोचला आणि वाकले.